मल्लिनाथची पोटरी आणि अव्वांचा नवस

मल्लिनाथ माझ्या दवाखान्याच्या जिन्यात बसकण मारून ओरडत होता आणि खालचा झेरॉक्सवाला त्याच्या पायाचा अंगठा ओढत होता.

"मॅडम, गोळा आलाय की पोटरीत! लई कळ मारतंय!"

मी आहारतज्ज्ञ. लोक मला 'डाएटवाली बाई' म्हणतात. सोलापुरात हा धंदा करणं म्हणजे शेंगाचटणीच्या राजधानीत बसून लोकांना 'बेताने खा' असं सांगणं. पण मल्लिनाथने मला जेवढं छळलं, तेवढं चटणीनेही छळलेलं नाही.

मल्लिनाथचं स्पेअर पार्ट्सचं दुकान. चाळिशीचा, उंचापुरा, शुद्ध शाकाहारी. सिद्धेश्वराच्या यात्रेत तो नंदीध्वज पेलतो. कमरेच्या पट्ट्यात बुडखा अडकवून ती उंच, जड काठी एकट्याने तोलत अनवाणी चालायचं. थोड्या अंतरावर दुसरा ती घेतो. पण तेवढं अंतर सगळा भार आणि अब्रू तुमचीच. मागच्या यात्रेत त्याच्या बाराबंदीचे बंद पोटावर पोचेनात आणि धापही लागली. सरावाचे प्रमुख सगळ्यांना काका. ते म्हणाले, "मल्लू, पुढच्या वर्षी असाच आलास तर बाजूला उभा राहून हरहर म्हणायचं." तो थेट माझ्याकडे आला, तोही कीटो, म्हणजे भाकरी-भात बंद आणि तूप-लोणी भरपूर, असं करायचं ठरवूनच. माझी पद्धत वेगळी, पण त्याच्या फॅमिली डॉक्टरांनी किडनी आणि बीपी तपासून होकार दिला. मग पनीर, लोणी, खोबरं, पालेभाजी असा बेत आखून दिला.

पहिल्याच आठवड्यात काटा धाडकन खाली आला. गडी दुकानात पेढे वाटायला निघाला. मी म्हटलं, "पेढे? आणि थांबा, ही चरबी नाही, पाणी आहे."

हे जरा समजावून सांगते. आपलं शरीर थोडी साखर साठवून ठेवतं आणि तिच्यासोबत पाणीही. भाकरी-भात बंद केला की तो साठा संपतो आणि पाणी निघून जातं. त्याच वेळी इन्सुलिन उतरतं आणि किडनी मीठही बाहेर टाकू लागते. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांना आम्ही इलेक्ट्रोलाइट्स म्हणतो. ते कमी पडले की चक्कर येते, डोकं दुखतं, पायात गोळे येतात. म्हणून कीटोवाल्याला आम्ही मीठ वाढवायला सांगतो. बीपीच्या पेशंटला हे मुळीच लागू नाही, पण मल्लिनाथला होतं.

मग मेहुण्याचा साखरपुडा आला. तिथे त्याने हुग्गी खाल्ली. हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर, आणि त्याने ती 'थोडीशी' म्हणजे तीनदा घेतली. साठा भरला, पाणी परत आलं. सकाळी अंगठी बोटात रुतली, काटा वर चढला आणि मला फोन आला.

"मॅडम, अंगावर सूज आली! पाणी धरलंय!"

"धरू द्या. दोन-चार दिवसांत सोडेल. मीठ-लिंबूपाणी चालू ठेवा, नुसतं पाणी ढोसू नका."

"व्हय मॅडम."

त्याचं हे 'व्हय मॅडम' एवढं गोड होतं की मी निर्धास्त झाले. तिथून सगळं बिघडलं. सरावात त्याला चक्कर आली. मी विचारलं, मीठ घेता? व्हय मॅडम. लिंबूपाण्यात मीठ? व्हय मॅडम. पुन्हा चक्कर. काकांनी निर्वाणीचं सांगितलं, "अजून एकदा डुललास तर काठी दुसऱ्याकडं. खाली माणसं असत्यात." आणि आज हा जिन्यात.

मी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"मॅडम, सोडियम कमी आलंय. सलाईनची वेळ नाही, पण तुम्ही याला मीठ देताय की नुसतं मिठावर भाषण?"

मला! पंचवीस वर्षं मी हा धंदा करतेय आणि मला! दुसऱ्या दिवशी मल्लिनाथला जेवणाच्या डब्यासकट बोलावलं. पालक-पनीरचा एक घास तोंडात टाकला. आयुष्यात मी बेचव पुष्कळ खाल्लंय, हॉस्पिटलची खिचडी धरून. पण तो घास म्हणजे ओला कापूस होता.

"मल्लिनाथ, यात मीठ कुठं आहे?"

त्याने पंख्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग चपलेकडे.

"अव्वाचा नवस हाय, मॅडम."

अव्वा म्हणजे त्याची आई. सूज बघून शेजारणीने तिला सांगितलं होतं की मीठ पाणी धरतं. अव्वांनी लगेच सिद्धेश्वराला हात जोडले: माझ्या पोराची सूज उतरू दे, काठी पेलू दे, तोवर तो अळणी खाईल. पोराला विचारलंही नाही. आणि पोरगा आईचा शब्द मोडेना, मला 'नाही' म्हणेना, आणि तहान लागली म्हणून तांब्यावर तांब्या नुसतं पाणी पीत बसला. जे थोडं मीठ अंगात उरलं होतं, तेही पातळ!

मी तशीच उठून त्याच्या घरी गेले. अव्वा जेवत होत्या. ताटात भाजलेला पापड, आंब्याचं लोणचं आणि शेंगाचटणीचा ढीग. आणि ही बाई बीपीची पेशंट.

"अव्वा, पोराला मीठ द्या."

"उप्प ब्याड अंद्र ब्याड!" पापड मोडत त्या कानडीत म्हणाल्या. मीठ नको म्हणजे नको. "देवाला बोललेय मी."

"तो काठी घेऊन पडला तर?"

"देव पडू देतोय व्हय? तुला देवाचं काय ठाऊक?"

"देवाचं नाही, किडनीचं ठाऊक आहे. नवस कुणी बोलला?"

"मी."

"मग मीठ कुणी सोडायचं? मल्लिनाथ देवाला काही बोललाच नाही."

पापड हातातच राहिला. मल्लिनाथ दारात पुटपुटला, "मॅडम, असं तोडून नका बोलू." अव्वांनी तो पापड ताटाबाहेर ठेवला.

"मग मी सोडते," त्या म्हणाल्या. "सगळंच."

आता घाम मला फुटला. बीपीची गोळी चालू असताना मीठ एकदम सगळं बंद करून चालत नाही. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "मी वर्षानुवर्षं सांगतोय, लोणचं-पापड सोडा. तेवढं सोडलं तरी मी नवस फेडेन." लोणचं, पापड, चटणी बंद, भाजीत नेहमीपेक्षा कमी मीठ, यावर सौदा ठरला. अव्वांची एक कुरकूर राहिली: "अर्धा नवस देवाला चालतोय का?" मी म्हटलं, "अव्वा, तुम्ही लोणचं सोडणं हे अर्ध्यात मोडत नाही." ते त्यांना पटलं.

मल्लिनाथच्या भाजीत मीठ आलं, लिंबूपाण्यात आलं, ताटात पालेभाजी वाढली आणि भोपळ्याच्या बिया आल्या. गोळे थांबले, सोडियम जागेवर आलं. आणि काटा किलोभर वर गेला, तेव्हा हा पुन्हा फोनवर रडला. मी फोन ठेवून दिला.

यात्रेत बाराबंदीचे बंद बसले, जरा ओढून. त्याने काठी घेतली. माझी नजर वर नव्हतीच, त्याच्या पोटऱ्यांवर होती. त्या थरथरल्या नाहीत. आपलं अंतर चालून त्याने काठी पुढच्याच्या पट्ट्यात दिली आणि काकांनी त्याची पाठ थोपटली. अव्वा माझ्या शेजारी हात जोडून रडत होत्या.

अव्वांचं बीपी त्या महिन्यात बरंच उतरलं. श्रेय देवाला गेलं. मल्लिनाथ पडला नाही, त्याचंही देवाला. माझ्या वाट्याला प्रसाद आला.

एक गोष्ट मात्र मी बदलली. नवा पेशंट आला की वजन, उंची, बीपी नंतर. आधी विचारते, "घरात तुमच्यासाठी कुणी देवाला काही बोललंय का?" दहातले चार जण पंख्याकडे बघतात.