घरातलं वाक्य

इनामदार सर गेल्याचं मला जुन्या क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. "सर गेले," एवढंच होतं, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं भराभर पडत गेली. सरांनी आयुष्य घडवलं, असं कुणी लिहिलं. मीही हात जोडले... आणि मोबाइल उपडा ठेवला. या गोष्टीला आता महिना उलटून गेला. सरांवर पुरवणीसाठी लिहाल का, अशी एका वर्तमानपत्राकडून विचारणा आली तेव्हा मी आधी नाही म्हणाले होते. मग वाटलं, त्यांच्याबद्दल गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. मी जे झालं ते लिहिते.

आम्ही गावाहून आलो ते कल्याण स्टेशनच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये. पावसाळ्यात खालून पाणी यायचं आणि आई स्टोव्ह खाटेवर ठेवून भाकऱ्या भाजायची. बाबा भाजी मार्केटात हमाली करायचे, आई धुणीभांडी. मग बाबांच्या गावचे शंकरकाका देवासारखे भेटले. ते एका कारखान्यात होते, कल्याणच्या बाहेर कंपनीच्या वसाहतीत त्यांना खोली मिळालेली, पण ते राहायला ठाण्याला मुलाकडे. ती खोली त्यांनी आम्हाला दिली. फरशीची जमीन, दाराबाहेर नळ... आईने पहिल्या दिवशी ती जमीन उगाचच दोनदा पुसली. अट एकच होती. कुणी विचारलं तर शंकरकाका बाबांचे सख्खे भाऊ. खोली बाहेरच्या माणसाला दिलेली कंपनीला चालत नसे.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं म्हणत होते आणि इंग्रजी तर येत नव्हतं. सरांनी मला त्यांच्या घरच्या क्लासमध्ये बसवून घेतलं, आणि खरं सांगायचं तर तसं शिकवणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. एकेका क्रियापदावर ते अख्खी संध्याकाळ घालवत. एके दिवशी 'काढून टाकणं' चाललं होतं. सर म्हणाले, आपण मराठीत सगळ्यालाच हाकलणं म्हणतो, इंग्रजी आधी विचारतं, कुठून? शाळेतून मुलाला काढतात ते एक्स्पेल, आणि गंमत बघा, फुप्फुसं हवा बाहेर टाकतात तेही एक्स्पेलच. सत्तेवरून मंत्र्याला काढतात ते आउस्ट. राहत्या जागेतून माणसाला काढतात ते इव्हिक्ट. यात आरडाओरडा लागत नाही, ते म्हणाले. बहुतेक वेळा पाठीशी कायदा असतो, म्हणून काढणारा शांत असतो.

सरांचा एक नियम होता. शब्द शिकला की त्याचं वाक्य दुसऱ्या दिवशी करून आणायचं, आणि ते गाइडातलं नको, स्वतःच्या घरातलं हवं. बाकीची मुलं सुखवस्तू घरांतली. त्यांच्या घरातून कुणाला कोण काढणार? एकाने मांजराला घराबाहेर काढलं, एकीने झुरळांना. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि इंग्रजीत सांगितलं, आमची खोली दुसऱ्याच्या नावावर आहे, म्हणून कंपनी आम्हाला कधीही इव्हिक्ट करू शकते. सरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि वर्गाला म्हणाले, "याला म्हणतात वाक्य." मला खरं आहे का, कुठली वसाहत, असंही विचारलं. मी सगळं सांगितलं. घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

थोड्याच दिवसांत कंपनीचा एक साहेब दोन वॉचमन घेऊन आला. सर म्हणाले होते तसाच, अगदी शांत. आमचं सामान नळापाशी मांडलं गेलं. शंकरकाकांना कंपनीने मेमो दिला. ते ठाण्याहून आले आणि सगळ्यांसमोर बाबांना म्हणाले, "दत्ता, भाऊ म्हणून जागा दिली, आणि तू गावभर बोंबलत सुटलास?" बाबा सामान बांधू लागले. पुन्हा शेडमध्ये आल्यावर त्यांनी मला एकदाच विचारलं, पोरी, तू कुठं बोललीस का? मी म्हटलं, क्लासमध्ये, सरांना. बाबा म्हणाले, "मास्तरांना सांगायचंच की. त्यांच्यापासून काय लपवायचं?" त्यांनी हा विषय तिथेच संपवला. शंकरकाका मात्र पुन्हा कधी आमच्याकडे आले नाहीत.

आईची तुळस शेजारणीकडे राहिली होती, ती आणायला मी वसाहतीत गेले. आमच्या खोलीला आंब्याचं तोरण होतं, आत सत्यनारायण चालला होता आणि दारात सर उभे. सरांचा मेहुणा त्याच कंपनीत कामाला आहे आणि वसाहतीत जागेसाठी खटपट करत होता, हे मला शेजारणीने सांगितलं. आमची खोली रिकामी होण्याआधीच त्याने त्या खोलीसाठी अर्ज दिला होता म्हणे. सर मला बघून जराही चपापले नाहीत. "अगं, ये ना," ते म्हणाले, "प्रसाद घेऊन जा." मी तुळस उचलली आणि निघाले.

तरी मी क्लास सोडला नाही. परीक्षा तोंडावर होती आणि तेवढं इंग्रजी मला दुसरीकडे कुणी शिकवणार नव्हतं. पुढच्या शब्दाला सरांनी माझ्याकडे वाक्य मागितलं तेव्हा मी म्हटलं, "गाइडातलं चालेल का, सर?" मुलं हसली. सर हसले नाहीत. फळ्याकडे तोंड करून म्हणाले, चालेल. त्यानंतर त्यांनी मला घरातलं वाक्य कधीही मागितलं नाही. कबुली म्हणायची तर एवढीच... पण त्यांच्या तोंडातून शब्द यावा, म्हणून मी किती वर्षं थांबले!

शेवटची भेट डोंबिवलीत, आमच्या कॉलेजच्या एका कार्यक्रमात झाली. मी तिथे शिकवायला लागले होते, सर पाहुणे होते. माझी विद्यार्थिनी, असं सगळ्यांना अभिमानाने सांगत होते. गेटवर रिक्षाची वाट बघताना माझा हात धरून म्हणाले, "तुझं ते इव्हिक्टचं वाक्य मी अजून वर्गात सांगतो."

मी विचारलं, "आणि पुढं काय झालं, तेही सांगता का सर?"

त्यांनी हात सोडला. ओठ हलले, असं मला वाटलं. तेवढ्यात रिक्षा आली आणि ते बसले. आता ते उत्तर कधीच येणार नाही. मला राग त्याचाच आहे, खोलीचा तेवढा नाही.

माणूस गेला की सगळं पोटात घालावं म्हणतात. माझ्याने होत नाही, आणि कृतज्ञता नाही असंही म्हणवत नाही. क्रियापद फळ्यावर लिहिलं की त्याखाली मी खडूने दोन ठळक रेघा ओढते. दुसरी रेघ ओढताना खडू मोडतो, सरांचाही मोडायचा, आणि तेवढ्यापुरते ते माझ्या हातात असतात.

मी इंग्रजीत एम.ए. केलं. कॉलेजात कायम झाले. गेल्या वर्षी डोंबिवलीत दोन खोल्यांचं घर घेतलं. ते बाबांच्या नावावर आहे.