चिखलाच्या मापाचे टायर

पनवेलहून सकाळी निघालो तेव्हा पिकअपच्या मागे एटीव्ही दोरांनी करकचून बांधलेली होती. एटीव्ही म्हणजे चार जाडजूड चाकांची, मोटारसायकलसारखी दोन्हीकडे पाय टाकून बसायची गाडी. किनाऱ्यावर पर्यटक किंचाळत फिरवतात ती. आमची मात्र सुनेच्या, मेघनाच्या, रोपवाटिकेत मातीच्या गोण्या ओढते. खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाईंनी खिडकीतून विचारलं, "आजी, सर्कशीत निघालात का?" म्हटलं, "तिकडे वाघीण हवी आहे म्हणे. तुमचं नाव सुचवू का?"

जायचं होतं उरणच्या वाटेवर, खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात. तिथे हिरा राहते. लग्न होऊन मी पनवेलला आले तेव्हापासून ती माझ्या दारात मासळीची पाटी उतरवायची. आता तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर धरून ओटीपर्यंत येते. नवरा गेल्यावरही तिने होडी चालती ठेवली होती. ती शेवटी विकली. दुपारच्या भरतीला नवा मालक ओढून नेणार होता. हिराच्या घरची एक रीत आहे: होडी लांबच्या सफरीला निघाली की घरच्या बाईने तिच्या तोंडावर तांब्याभर गोडं पाणी (विहिरीचं, पिण्याचं) ओतायचं. "वरीसभर खारट पिती ती," हिरा सांगते. हे शेवटचं पाणी तिला स्वतःच्या हाताने घालायचं होतं. तेवढंच मागणं. पण घर आणि होडी यांच्यामध्ये गुडघाभर चिखलाचा पट्टा आहे.

गेल्या आठवड्यात आम्ही तालीम केली होती. मेघनाने एटीव्ही बोळातून थेट ओटीला लावली, हिरा ओटीवरून अलगद सरकून बसली आणि ओरडली, "म्हशीवं बसल्यागत वाटतंय गो!" चिखलात मात्र चाकं गरगरली आणि गाडी रुतली. म्हणून ठरलं, टायर बदलायचे.

पळस्पे फाट्याला, गोव्याचा रस्ता फुटतो तिथे, टायरचं दुकान आहे. दुकानदार अन्वरभाईंनी दोन जोड पुढे टाकले. एक जुन्याच मापाचा, पण नक्षी खोल. दुसरा चांगला चार बोटं उंच, वीतभर रुंद, दात असे की मगरीने लाजावं.

"आजी, हा लहानवाला पण चालून जाईल," ते म्हणाले. "मोठा घातलात तर मडगार्ड कापावं लागेल."

"कापा," मी म्हटलं.

"माशाअल्ला, शौक दांडगा आहे तुमचा!"

मेघना हळूच म्हणाली, "आई, लहान घेऊ या का? गाडी उंच होईल."

"उंच झाली तर चिखल खाली राहील. त्यासाठीच आलोय ना?"

दोन वस्तू समोर आल्या की मोठी उचलायची, हा माझा स्वभाव. नव्या संसारात दोन माणसांसाठी मी पंगतीला पुरेल एवढा कुकर आणला होता. तीन दिवस शिळं खाऊन आमचे हे ऑफिसात जास्त वेळ थांबू लागले. ती मूर्ख मुलगी म्हातारी झाली की शहाणी होईल असं मला वाटायचं. जुने टायर अन्वरभाईंनी बदल्यात ठेवून घेतले. मी गाडीपेक्षा जास्त फुगून निघाले.

पुढे रस्ता म्हणजे न्हावा शेव्याच्या कंटेनरांची रांग. चहा घ्यायला एका टपरीवर थांबलो. सोबत गरम कांदाभजी. शेजारच्या ट्रेलरचा चालक आमच्या टायरांकडे बघून म्हणाला, "मावशी, चंद्रावर चाललाय का?" मी खूश. त्या खुशीत आणखी एक प्लेट भजी मागवली, आणि तिथेच वेळ गेला. हेही माझ्याच खात्यात.

कोळीवाड्यात पोचलो तेव्हा सुक्या मासळीचा वास उन्हात तापला होता. हिराचा मुलगा किसन बोळाच्या तोंडाशी उभा होता. मेघनाने एटीव्ही फळ्यांवरून उतरवली, बोळाकडे वळवली, आणि गाडी थांबली. टायर दोन्हीकडच्या भिंतींना घासत होते. मागे घेऊन पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"काकी, नाय जानार ती," किसन म्हणाला. "गेल्या खेपेला गेलेली नं?"

गेल्या खेपेला टायर लहान होते.

हिराच वॉकर टेकत बोळातून आली. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोली, मागून येणाऱ्या शेजारणीच्या हातात झाकलेला तांब्या. घामाने भिजली होती, पण तोंड उजळलेलं. गाडीपाशी आली आणि थबकली. सीट तिच्या कमरेच्याही वर येत होती. इथे ओटी नव्हती, नुसती जमीन.

तिने पाय उचलून बघितला. वीतभर उचलला, ओठ चावला, खाली ठेवला. आम्ही स्टूल आणलं. स्टुलावर एक पाय चढला. दुसरा सीटवरून पलीकडे टाकायचा तर खुबा वळेना. तिच्या तोंडून असा आवाज निघाला की किसनने तिला कमरेला धरून खाली घेतलं.

"आये, आमी दोघं उचलून ठेवतो तुला."

"हात लावू नुको! मी काय बोंबलांची पाटी हाय?" मग माझ्याकडे वळून, "येवढी उच्ची कनाला केलीस गो?"

"चिखलासाठी," मी म्हटलं. ऐकताना मलाच ते खुळचट वाटलं.

खाडीकडून हाका येऊ लागल्या. भरती भरली होती. ओढणारी लाँच थांबणार नव्हती. लहान टायर पळस्प्याला होते. हिराने शेजारणीकडून तांब्या घेतला आणि माझ्या हातात दिला.

"जा. तू घाल. तुझ्या हातचं चालंल तिला."

मी मेघनाच्या मागे बसले. सांगायला हवं, ते टायर अप्रतिम चालले. चिखल फाडत, कुठेही न अडकता, खेकड्यांची बिळं तुडवत गेलो. फक्त गाडी इतकी उसळत होती की पाणी माझ्या पदरावर सांडत राहिलं. होडीपाशी उतरले तेव्हा तळाशी चार घोट उरले होते.

होडी निळी, कडेला पिवळा पट्टा, ताजं तेल चोपडलेली. मी तिच्या पुढच्या टोकावर पाणी ओतलं आणि तळहात टेकून उभी राहिले. लाँचवरचा माणूस म्हणाला, "आजी, हात काढा आता." दोर ताणला गेला. होडी एकदा डुलली, आणि गेली. खाडीच्या वळणावर खाजणातल्या (खाऱ्या दलदलीतल्या) झाडांमागे दिसेनाशी झाली.

परत आलो. हिरा बोळाच्या तोंडाशी, त्याच स्टुलावर बसली होती.

"पदर भिजलाय तुजा," ती म्हणाली. "निम्मं तूच प्यालीस का?"

"हो गं. चारच घोट पोचले."

ती हसेल असं वाटलं. हसली नाही. माझा हात तिने ओढून घेतला, उलटा केला, तळहात नाकाशी नेला. बराच वेळ धरून ठेवला.

"तेल लावलंन किसननी," ती म्हणाली. "चांगलं लावलंन."

जेवल्याशिवाय तिने सोडलं नाही. कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. ती स्वतः वाढायला बसली होती, पण तिच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. पहिल्यांदाच तिच्या घरी मी परत काही मागून घेतलं नाही.

परतीच्या रस्त्यावर ट्रेलरांची रांग हलत नव्हती. मेघनाला खूप काही बोलता आलं असतं. ती भली आहे, तिने रेडिओ लावला. मी मात्र मनातल्या मनात तो बोळ मोजत बसले, ती सीट मोजत बसले. चिखल किती खोल आहे हे मी चार जणांना विचारलं होतं. अन्वरभाईंशी दातांवर चर्चा केली होती. हिराला फोन करून एवढंही विचारलं नव्हतं की बाई, तुझा पाय किती वर जातो?

पनवेल जवळ आल्यावर मेघना म्हणाली, "जुने टायर परत आणू का? एखाद्या दिवशी काकूंना नुसतं पाण्यापर्यंत नेऊ."

"आता तिथे काय आहे तिला बघायला?"

"मग राहू दे?"

"उद्या तिला फोन करते," मी म्हटलं. "तिला यायचं आहे का, ते आधी तिलाच विचारते. दुकानात मग जाऊ."