रस्त्याच्या मधोमध

"रस्ता चांगला होता ना, म्हणून ट्रक इतक्या जोरात आला," ओसरीत कुणीतरी हळू आवाजात म्हणालं. मी सांत्वनाला आलेल्यांना पाणी देत होते. तांब्या हातात तसाच राहिला. सकाळी मोठे बाबा शेताकडे निघाले होते आणि अर्ध्या तासात शेजारच्या शहरात, लालबागला, आमच्या घरी फोन आला होता, एवढंच मला तोवर माहीत होतं. मोठे बाबा म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. फोपनारला त्यांची केळीची शेती. पाच आठवडे झाले, पण ते वाक्य अजून... तसंच आहे.

तो रस्ता व्हावा म्हणून केलेले सगळे अर्ज मी लिहिले होते. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीनं लिहिलेला कागद साहेब बाजूला टाकत नाहीत, अशी मोठ्या बाबांची समजूत. "बोलत नाही आमची पोरगी, पण लिहिते कशी बघा!" ते कचेरीत सगळ्यांना ऐकवायचे आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचे.

तेव्हा शेतापासून सडकेपर्यंत नुसती चाकोऱ्यांची वाट होती. ट्रॉलीत केळीची वाळलेली पानं जाड अंथरली, तरी हादऱ्यांनी घड काळे पडायचे. व्यापारी घड उलटून बघायचा, तोंड वाकडं करायचा आणि भाव पाडायचा. रस्ता झाला आणि ट्रक थेट बांधाला लागला. भाव सुधारला, वळणावर पंक्चरचं दुकान आलं, चुलत बहीण बसने कॉलेजला जाऊ लागली. पहिला ट्रक भरला त्या दिवशी मोठ्या बाबांनी एक घड फिरवून फिरवून मला दाखवला. "बघ बेटा, एक डाग नाही!"

त्यांची एक सवय मात्र माझ्या लक्षात आली होती. जुन्या वाटेवर दोन्ही चाकोऱ्यांत चिखल असायचा, मधला उंचवटा तेवढा कोरडा. सगळे त्यावरूनच चालायचे. डांबर पडलं तरी मोठे बाबा मधूनच चालत राहिले, हात पाठीमागे बांधून. दिवाळीत मी कडेकडेने त्यांच्या मागे होते. हॉर्न वाजला तसे ते सावकाश सरकले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "आरामसे रे भाऊ, हा रोड आमच्या भतीजीनं आणलाय!" तोही हसला. मला काहीतरी सांगायचं होतं... पण एवढ्या मोठ्या माणसाला चालायचं कसं, ते मी काय सांगणार? सांगितलं नाही. त्या सकाळीही ते मधूनच चालले होते.

परवा फोपनारच्या घरात गतिरोधकाचा विषय निघाला. "घड आदळतील त्यावर. दादाच पहिले नाही म्हणाले असते," पप्पा म्हणाले. खरं होतं ते.

मग मोठी आई, मोठ्या बाबांची बायको, उठली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच शेतात निघाली होती, म्हणून मीही सोबत गेले. घराच्या कोपऱ्यापर्यंत ती माझ्या शेजारी होती. पुढे डांबर लागलं आणि तिची पावलं आपोआप मधोमध गेली. हात पाठीमागे, अगदी त्यांच्यासारखे. वळणावर ट्रक दिसला. अजून लांब होता.

"मोठी आई," मी ओरडले, "कडेला ये!"