रानाच्या तासाच्या बाई

आमच्या बाई पालीला भीत असत. मोकाट कुत्र्याला भीत, टांग्याच्या घोड्याला भीत. आभाळ गडगडलं की खुर्ची सोडून भिंतीला टेकत, आणि वाऱ्यानं दार आपटलं तरी त्यांच्या हातातला खडू खाली पडे. परभणीच्या त्या मुलींच्या शाळेत नववीला आम्ही साऱ्या सात जणी होतो. आमच्यापेक्षा भित्रं माणूस त्या इमारतीत एकच होतं, ते म्हणजे आमच्या बाई. आणि याच बाई शनिवारी शेवटच्या तासाला आम्हांला रानात, समुद्रात, बर्फात हरवलेल्या माणसांच्या गोष्टी शिकवत.

त्या तासाला आम्ही रानाचा तास म्हणत असू. बाईंचे वडील किनवटच्या जंगलात नाकेदार होते. तिथून बदलून गेलेल्या एका साहेबानं टाकून दिलेली चार इंग्रजी पुस्तकं बाईंकडे होती. पुठ्ठे गेलेली, कडा वाळवीनं खाल्लेली. बाई ती समोर धरून वाचता वाचताच मराठीत सांगत. होडी फुटलेला खलाशी, हिमवादळात वाट चुकलेले बापलेक, तान्हं मूल पाठीशी बांधून जंगल ओलांडणारी आई. नेमकं आमचे श्वास अडकले की पुस्तक मिटून त्या विचारत, "पाणी कुठं आहे? हातात काय आहे? उजेड किती उरलाय?" ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नसे. विमल दर वेळी म्हणे, "मी देवाचा धावा करीन, बाई." बाई म्हणत, "कर. पण चालता चालता कर."

अशी गोष्ट लिहायची कशी, हेही त्या शिकवत. 'मला भीती वाटली' हे वाक्य आमच्या वहीत दिसलं की त्या ते खोडत. कुसुमनं एकदा विहिरीवर साप निघाल्याची हकिकत लिहिली होती. त्यात ती तीन वेळा घाबरली होती. बाईंनी तिन्ही ओळी खोडल्या आणि विचारलं, "तेव्हा तुझ्या हातात काय होतं?"

"कळशी."

"तिचं काय झालं?"

"माहीत न्हाई, बाई. घरी आले तेव्हा हातात नव्हती."

"मग तेवढंच लिही. तू किती घाबरलीस ते त्या कळशीवरून कळतं."

एकदा तालीम खात्याचे, म्हणजे निजामाच्या शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले. बाईंच्या टेबलावरचं पुस्तक उचलून त्यांनी विचारलं, "ये क्या पढ़ाती हैं आप?" बाईंना दरदरून घाम फुटला. "जी... जुगराफिया," त्या कशाबशा म्हणाल्या. म्हणजे भूगोल. साहेबांनी चित्रातला बर्फाचा डोंगर पाहिला, मान हलवली आणि पुढच्या वर्गात गेले. बाई मटकन खाली बसल्या. आम्ही हसलो, तशा त्याही हसल्या.

अठ्ठेचाळीस साली मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. भर दुपारी बाजार बंद होऊ लागला. हत्यारबंद माणसं गाड्यांतून गावोगाव फिरत होती. आज या गावाला आग लावली, उद्या त्या गावातली माणसं परागंदा झाली, अशा बातम्या येत. शाळेला कुलूप लागलं. माझे वडील कचेरीत कारकून. त्यांना जागा सोडता येईना आणि मला घरात ठेवायचीही हिंमत होईना. बाईंचे भाऊ वाशिमला राहत. वाशीम वऱ्हाडात, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर. बाई तिकडे निघाल्या आहेत असं कळल्यावर वडील त्यांच्याकडे गेले. बाई म्हणाल्या, "मला लय भीती वाटते हो. पण मी जाणारच आहे, तर मुलगी द्या माझ्यासोबत." असंच म्हणून त्यांनी कुसुमला आणि विमललाही बरोबर घेतलं.

श्रावण सरत आला होता. दगडू गाडीवानाच्या बैलगाडीतून आम्ही तीन दिवस चाललो. चौथ्या दिवशी दुपारी, हद्दीची पैनगंगा कोसभरावर आली असताना, समोर धूर दिसला. दगडूनं बैल थांबवले.

"बाई, उतरा. नाक्यावर गाड्या अडवायलेत. पोरी बघितल्या तर काय खरं न्हाई."

"आणि तुम्ही?"

"मी रिकामी गाडी घेऊन जातो पुढं. तुमी जोंधळ्यातून नदी गाठा. जावा!"

जोंधळा डोक्याच्या वर गेला होता. हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नव्हतं. पानांनी गाल चिरले जात होते, काळ्या चिखलात चपला रुतून राहिल्या त्या राहिल्याच. थोडं आत गेलो आणि बांधावरून माणसांचे आवाज आले. आम्ही होतो तिथंच बसलो. कोणीतरी हसलं. कोणीतरी काठीनं धाटं बडवत चाललं होतं, आणि तो आवाज जवळ येत होता. बाईंनी माझं मनगट धरलं होतं. त्यांची नखं कातड्यात शिरली होती. त्यांचे दात वाजताना मला ऐकू येत होते. आता बाई किंचाळणार, असंच मला वाटत होतं.

बाई किंचाळल्या नाहीत. पदराचा बोळा त्यांनी तोंडात कोंबला होता. आवाज दूर गेले तरी त्यांना तो काढता येईना. मीच हळूहळू ओढून काढला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, ओठ हलवले, पण शब्द फुटला नाही. तेव्हा कुसुम त्यांच्या कानाशी लागून म्हणाली, "बाई, पाणी उताराला आहे, आवाज येतोय." विमल म्हणाली, "दशम्यांची पिशवी आहे हातात." मी वर पाहून म्हणाले, "उजेड दोन तास आहे." बाई उठल्या आणि उताराच्या दिशेनं चालू लागल्या.

पैनगंगा दुथडी भरून चालली होती. काठावर एक म्हातारा कोळी वाळल्या भोपळ्यांची सांगड घेऊन बसला होता. अशीच माणसं तो दिवसभर पलीकडे नेत होता. "एका वक्ताला एकच," तो म्हणाला. बाईंनी आधी विमलला पाठवलं, मग कुसुमला. ती पलीकडे पोचते न पोचते तोच वरच्या अंगाला बंदुकीचा बार झाला. कोळी परत आला तेव्हा धापा टाकत होता.

"आता एकच खेप. लोक हिकडंच यायलेत. कोण येतंय?"

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. 'बाई, तुम्ही जा,' असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही. मला जायचं होतं.

"हिला न्या," बाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही, बाई?"

"मी येते मागून. जा." त्यांचा आवाज नेहमीसारखाच थरथरत होता. त्यांनी मला पाण्यात ढकललं. मी भोपळ्यांना मिठी मारली आणि डोळे मिटले. पलीकडचा चिखल पायाला लागला तेव्हाच ते उघडले, आणि मी धावत सुटले.

पुढं महिनाभरात निजामाचं राज्य गेलं. आम्ही तिघी वाशिमहून, बाईंच्या भावाकडून, परभणीला परतलो, तर बाई आमच्याआधीच येऊन पोचल्या होत्या. त्या दिवशी नदीकाठावरून पळून पुन्हा जोंधळ्यात शिरलेल्या आणि तिथंच पडलेल्या बाईंना अमीनाबी नावाच्या एका शेतकरणीनं उचलून घरी नेलं होतं. हत्यारबंद माणसं दाराशी आली तेव्हा अमीनाबी उंबऱ्यात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "मेरी भैन है, बुखार में पड़ी है." बाई तिच्याकडे पंधरा दिवस राहिल्या. एवढं आम्हांला दगडूकडून कळलं; त्यानंच त्यांना गाडीतून परत आणलं होतं. बाई स्वतः यातलं काही बोलल्या नाहीत. शाळा सुरू झाली, पण रानाचा तास त्यांनी पुन्हा कधी घेतला नाही. शनिवारी शेवटच्या तासाला त्या व्याकरण शिकवत.

माझं लग्न झालं, मी औरंगाबादला गेले. परभणीला आले की बाईंना भेटत असे, पण नदीचा विषय आम्ही दोघींनीही टाळला. शेवटची भेटले तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. मी पायांशी बसले होते. मध्येच त्यांनी विचारलं, "पलीकडून मी कशी दिसत होते गं त्या दिवशी?"

हा प्रश्न कधीतरी येणार, या धास्तीत मी वीस वर्षं काढली होती. काहीतरी बरं सांगावं असं मनात आलं. जमलं नाही.

"बाई, मी वळून पाहिलंच नाही."

त्यांनी माझा हात चाचपून धरला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "वळली असतीस ना, तर मी तुला परत बोलावलं असतं. हाक मारायला तोंड उघडलं होतं मी."