कोपऱ्यावरचा खांब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, तेही धड कळत नाही — पण त्या कुंपणाकडे बघून बघून आता डोकं उठलंय.

आमचं वावर धुळे जिल्ह्यात, सोनगीरजवळ, टेकडीच्या पायथ्याला. रानडुकरांनी वीट आणला होता. मका दाण्यावर आला, की एका रात्रीत लोळवून टाकायची. झटका मशीन घ्यावं, जाळी घ्यावी, की काटेरी तार — यावर घरात वर्षभर काथ्याकूट चालला. शेवटी मीच म्हणालो, तार घेऊ, आणि मजूर नकोत, मी लावतो. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले होते, तेवढ्यावर ही शहाणपट्टी.

थोरला भाऊ, आमचा नाना, एवढंच म्हणाला, की कोपऱ्याच्या खांबावर सगळा ताण येतो. त्याला तिरका टेकू दे आणि सिमेंट नीट वाळल्याशिवाय तार ओढू नको. साधी गोष्ट. पण रविवारी घरात कानबाई — आमची श्रावणातली खानदेशी देवी — बसणार होती. कानबाईच्या रोटांच्या प्रसादाला आमचे सगळे भाऊबंद गावी येतात — सुरतेचे, भुसावळचे, 'याच्या हातून काही होत नाही' म्हणून मला लहानपणापासून चिडवणारे, सगळे. त्यांना काय नुसते खांब दाखवायचे? मी शनिवारीच, सिमेंट ओलं असताना, टेकू न देता तार कचकचून ताणली.

रविवारी सगळे बघून गेले. तारेवर बोट मारलं की टणटण वाजत होती. भुसावळच्या काकांनी पाठ थोपटली. मी किती फुगलो होतो, ते आठवलं तरी स्वतःचीच चीड येते.

सोमवारी पहाटे, कानबाई विसर्जनाला निघण्याआधी, एकटाच वावरात चक्कर मारायला गेलो. कोपऱ्याचा खांब आत कलला होता. तारा लोंबत होत्या. डुकरं आरामात येऊन गेली होती — निम्मा मका आडवा.

काय करायला हवं होतं मी? घरी जाऊन सांगायचं, की चुकलं माझं. नाना चिडला असता, भुसावळवाले पोट धरून हसले असते आणि जेवून विसरलेही असते. एवढंच ना? पण खिशात पक्कड होती. मी तिन्ही तारा तोडल्या — माझ्याच हातांनी. मग धावत घरी गेलो आणि म्हणालो, मेंढ्यावाल्या दगडूबाबानं तार तोडून खांब ढकलला, मागून डुकरं घुसली.

त्याचंच नाव का घेतलं? त्याच्या मेंढ्यांची टेकडीवर जायची वाट त्या कोपऱ्यातून होती, आणि ती मी कुंपण घालून बंद केली होती. त्याबद्दल तो चकार शब्द बोलला नव्हता, लांबून वळसा घालून जायचा. दर उन्हाळ्यात, पेरणीआधी, तो आमच्या रिकाम्या वावरात मेंढ्या बसवायचा. लेंड्यांचं खत आम्हाला, बदल्यात ज्वारी-बाजरी त्याच्या घरी. आणि खरं सांगू? मेंढपाळावर आळ घ्यायला पुरावा लागत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्याला पारावर बोलावलं. चारचौघांत तो माझ्याकडेच बघून बोलला, "भाऊ, तुमना वावरमा इतला वरीस मेंढ्या बसाड्यात. तार मी कसाले तोडसू?"

यापुढे याच्या मेंढ्या कुणी बसवायच्या नाहीत, असं गावानं ठरवलं. नानानं सगळ्यात मोठ्यानं ठरवलं — माझ्यासाठी.

पुढच्या उन्हाळ्यात वावर मेंढ्यांविना तसंच पडून राहिलं. बातमी शेजारच्या गावांत गेली, तिथेही त्याला कुणी उभं केलं नाही. मग त्यानं मेंढ्या विकल्या. चारा महागला होता, त्याच्या मुलांना त्यात रस नव्हता, हा धंदा नाहीतरी संपतच आला होता — बघा, लागलो ना मी पळवाटा शोधायला? त्याचा धंदा मी संपवला.

खांब मी नंतर उपटून पुन्हा बसवला. टेकू दिला, सिमेंट वाळू दिलं. आता जराही हलत नाही. त्याचाच जास्त राग येतो.

परवा धुळ्याहून येताना सोनगीरच्या फाट्यावर एका ढाब्यापाशी गाडी थांबवली, तर दगडूबाबा दिसला. तिथे राखणीला असतो म्हणे. मला बघून तोंड फिरवेल असं वाटलं, फिरवायलाच हवं होतं. पण तो उठून गाडीजवळ आला. नानाची तब्येत विचारली. मग म्हणाला, "तार टिकनी का, भाऊ? परत कोणी तोडी नही ना?"

"नही, बाबा," मी म्हणालो, आणि गाडीला किक मारली.