मामाचं ब्लोडाऊन

माझा मामा बॉयलरवाला. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात सव्वीस वर्षं वाफ करतोय. बॉयलरच्या काचेत पाणी बोटभर खाली गेलं की त्याला पाठमोरा असतानाही कळतं. दर पाळीला तो तळाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि साचलेलं खारट पाणी धडधडा बाहेर सोडतो. याला ब्लोडाऊन म्हणतात. ते चुकवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार मामा एका दमात करतो.

एवढा शहाणा माणूस. स्वतःचा दाब मात्र एकशे ऐंशी.

मी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासतो, म्हणून घरात माझं नाव ‘बाटलीवाला’. मामाच्या लघवीत प्रथिनं दिसली तेव्हापासून मी हात धुऊन त्याच्या मागे लागलो. कारखान्यातली कामगारांची वार्षिक आरोग्यतपासणी दीड महिन्यावर आलेली. दाब उतरला नाही तर त्याला बॉयलरवरून काढून गेटवर बसवणार होते, आणि मामाच्या लेखी गेट म्हणजे जिवंतपणी भंगार.

“मामा, जादा मीठ बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. मीठ आत राहिलं की ते पाणी धरून ठेवतं, पाणी वाढलं की नळ्यांतला दाब वाढतो. डॉक्टरांची गोळी मूत्रपिंडांकडून ब्लोडाऊन करून घेते.”

“मला ब्लोडाऊन शिकवतोस? मी व्हॉल्व्ह फिरवत होतो तेव्हा तू रांगत होतास.”

“मग स्वतःचा फिरव की!”

हा संवाद आमच्यात किमान तीस वेळा झाला असेल. शेवटी एका सकाळी मामीने त्याच्या शर्टाच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून माझ्यापुढे आपटलं. एकही गोळी फोडलेली नाही.

“विचार याला. मी विचारलं की कान दुखतो म्हणतो.”

मामा भिंतीकडे बघत म्हणाला, “गोळी घेतली की तासातासाला जावं लागतं. संडास आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. पेटता बॉयलर सोडून जायचं नाही, हा नियम. माझ्या जागी थांबून मला सुटी द्यायला माणूस नाही. धोतरात करू का?”

“तू धोतर कधी नेसलास?” मामी म्हणाली.

मग बाकीचंही बाहेर आलं. जायला लागू नये म्हणून मामासाहेब दिवसभर पाणीच पीत नव्हते. फक्त दुपारी तांब्याभर मीठपाणी, कारण त्याच्या उस्तादाने सांगून ठेवलेलं की घामातून मीठ जातं. उस्ताद कोळशाच्या जमान्यातला. बॉयलर गॅसवर येऊन अकरा वर्षं झाली, मामाच्या डोक्यावर पंखा फिरतो, घामाचा पत्ता नाही. मीठ मात्र चालू.

मी कपाळावर हात मारला. “अरे, अंगात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडं उलटा हुकूम सोडतात. मीठ धरा, नळ्या आवळा! तुझी काच रिकामी, मामा, आणि वरून तू क्षार ओततोयस.”

दुसऱ्या दिवशी मामा मॅनेजरकडे गेला, म्हणाला, दिवसातून चार वेळा दहा मिनिटं सुटी देणारा माणूस द्या. मॅनेजर म्हणाले, “विचार करू.”

त्यांचा विचार होईपर्यंत तपासणी झाली. एकशे शहात्तर, एकशे आठ. अहवालावर शेरा होता, ‘सवयी सुधाराव्यात’. सवयी! संडास मामाने बांधला होता का तिकडे?

मामा गेटवर आला. गेटपासून संडास दहा पावलं. मीठपाण्याचा तांब्या मामीने कुठे लपवला ते अजून सापडलेलं नाही. गोळी रोज पोटात. सहा आठवड्यांत दाब एकशे चौतीस, चौऱ्याऐंशी.

मॅनेजर स्वतः गेटवर आले. “फिट झालात की! उद्यापासून बॉयलरवर या.”

“सुटी देणारा माणूस?”

“विचार करू.”

मामाने बॉयलरच्या धुराड्याकडे एकदा पाहिलं. “करा. तोवर मी इथे आहे.”

याला दोन महिने झाले. विचार चालू आहे. ब्लोडाऊनचा आवाज पाच मिनिटं जरी उशिरा आला तरी मामा खुर्चीतून उठतो, नव्या माणसाच्या सात पिढ्या काढतो, आणि मग निमूटपणे ती दहा पावलं चालून येतो.