रेणुकाबाईच्या बाभळीवरच्या गाठी

रेणुकाबाई करणी करते, ही बातमी तेलुगू मुलखातल्या जैनथजवळच्या एका मराठी गावात पहिल्यांदा पिठाच्या गिरणीवर फुटली, आणि फोडणारी होती प्रयागबाई. दळण होईस्तोवर बायांना तोंडात काहीतरी लागतंच.

"तिच्या वावराच्या धुऱ्यावरच्या बाभळीले गाठीच गाठी हायेत व माय! पायटेच्या अंधारात जाते, तोंडानं पुटपुटते, अन् बांधते. तवापासून माजी शेळी आटली."

शेळी म्हातारी झाली होती, हा विषय मात्र गिरणीत कोणी काढला नाही.

रेणुकाबाई म्हणजे महिपतची बायको. घरी कापूस, ज्वारी, दोन बैल आणि मयूरी नावाची एक पोरगी. बाई मराठी सातवी शिकलेली, आणि आवाज असा की शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली तर पलीकडच्या शिवारातली गुरं माना वर करत. शाळेत भाग्यलक्ष्मी टीचरनं पोरींचं स्काऊट-गाईडचं पथक काढलं. इचोड्याला शिबिर ठरलं, पण आयांपैकी एकीनं लीडर म्हणून सोबत यायला हवं, नाहीतर शिबिर नाही. टीचरनं तेलुगू-मराठीची खिचडी करून हे सांगितलं, तशा सगळ्या आया फरशीकडे बघू लागल्या. मयूरीनं मागून कोपर खुपसलं आणि रेणुकाबाई उठली.

"येते मी. त्यात काय?"

"तंबूच्या गाठी-बिठी शिकवायला येतंय ना?" टीचरनं विचारलं.

"सगळं येते."

पातळावर गळ्यात पथकाचा रुमाल घालून ती घरी आली, तर महिपत म्हणाला, "यंदा पोळा लवकर आला वाटते. झूल चढवली."

"घरातला बैल कोन, ते गावाले मालूम हाये," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

या पथकात हात मिळवतात तो डावा. रेणुकाबाईनं भर रस्त्यात टीचरला डावा हात दिला, तो नेमका प्रयागबाईनं पाहिला. डाव्या हाताचं काही चांगलं असतं होय? त्यात चार दिवसांनी त्या बाभळीवर दोरीचे तुकडे दिसले. मग काय, गिरणी होतीच.

बातमी घरोघरी गेली आणि पोरी एकेक करून पथकातून निघाल्या. एवढ्या थोड्या पोरी घेऊन शिबिराला जाता येणार नाही, असं टीचरनं सांगून टाकलं. त्या संध्याकाळी प्रयागबाईची नात दामिनी घरी आली. तीही त्याच पथकातली. रुमाल तिनं कोपऱ्यात फेकला.

"आजी, तुज्या शेळीपायी माजं शिबिर गेलं."

पोरगी जेवली नाही. प्रयागबाईला भाकरी गोड लागेना.

"मी काय खोटं बोलली? उद्या सोताच पाहून येते," असं म्हणत ती पहाटे निघाली आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या आड जाऊन बसली.

रेणुकाबाई बाभळीपाशी दोरी घेऊन उभी होती. तोंडानं पुटपुटत होती, हे तर खरंच.

"उजवं डाव्यावर... डावं उजव्यावर... अन् खालून..."

तिनं ओढलं. गाठ सटकली. पुन्हा पुटपुटली, पुन्हा बांधली, पण हात आपोआप जन्माच्या सवयीनं वळले आणि बैलाच्या दाव्याची गाठ पडली; एका हिसक्यात सुटणारी.

"मेल्या हाता!" रेणुकाबाईनं स्वतःच्याच हातावर चापट मारली.

प्रयागबाई पऱ्हाटीतून खळखळून हसली. रेणुकाबाईचा चेहरा पडला.

"मावशी, पोरींले सांगू नोका. त्या मले लीडर म्हनतात."

"अव, गाव तुले करनीवाली म्हनत होतं, तवा काऊन नाही बोलली?"

"बोलली असती त हे सांगा लागलं असतं."

प्रयागबाईनं बांगड्या मागं सारल्या आणि मनगट पुढं केलं.

"बांध. मले खांब समज."

दुसऱ्या दिवशी गिरणीत प्रयागबाईनंच तोंड उघडलं.

"त्या बाभळीच्या गाठी माज्या हायेत. शेळीसाठी नवस बोलली होती."

"मंग रेणुका काऊन जाते?"

"माजे गुडघे दुखतात. तिले धाडत होती. पुटपुटते तो माजाच नवस."

"अन् परवापरवापर्यंत त करनी म्हनत होती? अन् शेळी?"

"तवा मी चुकली. अन् शेळी म्हातारी झाली!"

पोरी परत आल्या. इचोड्याला तंबू उभे राहिले आणि रात्रभर वारा सुटूनही पडले नाहीत. दामिनीनं परत आल्यावर आजीला कितीतरी गोष्टी सांगितल्या; आजीनं मात्र तिला तेवढी एक गोष्ट कधीच सांगितली नाही. आता गावातल्या दोन-तीन बाया त्या बाभळीला शेळीसाठी दोरा बांधून येतात म्हणे.

खरं इतकंच होतं की रेणुकाबाईला गाठी मारता येत नव्हत्या, आणि पोरींना शिकवायच्या आधी ती त्या शिकत होती.